पाइपाला पाइप बिनफटीचा बसवायचा तर तोंड कसं काढायचं

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेचं फाटक मागच्या पावसाळ्यानंतर नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये दुरुस्तीला आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागून दोन आडवे पाइप जोडातून सुटले होते. वेल्डिंगवर ग्राइंडर फिरवला, तर आतून रॉडचे तुकडे निघाले. एकाच जोडात तीन. आडवा पाइप सरळ कापून उभ्या गोल पाइपाला नुसता टेकवला होता. दोन्ही बाजूंना राहिलेल्या फटीत रॉडचे तुकडे कोंबले होते आणि वरून वेल्डिंगचा थर चढवला होता. रंग लावल्यावर जोड गुळगुळीत दिसतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण तो जोड पाइपाला पाइपाचा नसतोच. मधल्या भंगाराला दोन्ही बाजूंनी चिकटलेली ती पापडी असते. शिवाय त्याच फटीतून पाणी आत जातं आणि पाइप आतून सडतो. त्या फाटकाच्या आडव्या पाइपातून मी ओंजळभर गंज झटकून काढला.

म्हणून नव्या मुलांना हे एक काम मी वेल्डिंगच्या आधी शिकवतो. गोल पाइपावर दुसरा गोल पाइप बसवायचा तर बसणाऱ्या पाइपाचं टोक असं कापायचं, की ते पहिल्या पाइपाच्या गोलाईला मिठी मारेल. आमच्याकडे याला कोणी फिशमाउथ म्हणतं, कोणी नॉच, कोणी नुसतं 'तोंड काढणं'. टोक बाजूने बघितलं तर खरंच माशाने आ वासल्यासारखं दिसतं. नाशिक भागात हे काम रोज लागतं: बागेची फाटकं, जिन्याचे कठडे, शेडच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), पॉलिहाउसची दुरुस्ती, ट्रॉलीचे सांगाडे. सिंहस्थ जवळ आला की बॅरिकेड आणि रेलिंगची कामं वेगळीच.

पुढे मी दोनच शब्द वापरणार आहे. जो पाइप अखंड राहतो तो मुख्य, आणि ज्याचं टोक कापायचं ती फांदी. फांदीच्या तोंडाला दोन खोलगट जागा असतात, त्यांना दरी म्हणू. दोन पुढे आलेले भाग असतात, ते कान. कान मुख्य पाइपाच्या दोन कुशींना धरतात, दरी त्याच्या पाठीवर टेकते.

आधी माप नीट समजून घ्या

नवखा माणूस पहिल्याच पायरीवर इथे फसतो. दुकानात आपण 'दीड इंची पाइप' म्हणतो तेव्हा ते आतल्या पोकळीचं ढोबळ नाव असतं, बाहेरचं माप नव्हे. आयएस १२३९ या भारतीय मानकाच्या पाइपात अर्धा इंची बाहेरून २१.३ मिमी असतो, पाऊण इंची २६.९, एक इंची ३३.७, सव्वा इंची ४२.४, दीड इंची ४८.३ आणि दोन इंची ६०.३ मिमी. बाहेरचं माप तिन्ही क्लासला तेच राहतं, बदलते ती जाडी. एक इंचीत ए क्लास २.६ मिमी, बी क्लास ३.२, सी क्लास ४ मिमी. ए क्लासवर पिवळा पट्टा, बीवर निळा आणि सीवर लाल.

फर्निचरची ट्यूब आणि स्टीलच्या रेलिंगचा पाइप मात्र बाहेरच्या मापाने विकतात. तिथे एक इंची म्हणजे बाहेरून २५.४ मिमी, दोन इंची म्हणजे ५०.८. एकाच शेडमध्ये दोन्ही जातींचा माल पडलेला असतो, त्यामुळे नावावर विसंबू नका. व्हर्नियर लावा, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही मोजा आणि खडूने पाइपावरच लिहून ठेवा.

कापायची लांबी

समजा, बारा फुटी फाटकाचा एक पाला, म्हणजे एक झडप, करायचा आहे. दोन उभे पाइप दीड इंची बी क्लास, मधले आडवे एक इंची बी क्लास. पाल्याची बाहेरून बाहेर रुंदी १८०० मिमी. दोन उभ्यांचे मिळून ९६.६ गेले, मधली मोकळी जागा राहिली १७०३.४ मिमी. नवखा माणूस आडवा पाइप १७०३ वर कापतो आणि मग त्याला तोंड काढतो. आता दऱ्या दोन्हीकडून आत सरकल्या, म्हणजे पाइप आखूड पडला. मग पुन्हा तेच, फटीत रॉडचे तुकडे.

मोकळी जागा ही दरीपासून दरीपर्यंतची लांबी असते. कान त्याच्या पुढे जातात. या जोडीत कान दरीच्या ४.२ मिमी पुढे असतात, हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो. म्हणजे पाइप कापायचा १७०३.४ अधिक दोनदा ४.२, साधारण १७१२ मिमी. आधी या लांबीवर दोन्ही टोकं काटकोनात सरळ कापा. चॉप सॉवर, म्हणजे पाइप कापायच्या मशीनवर, कापताना पाइप पातळीत आहे ना ते पाहा. लांब पाइपाचं मागचं टोक लोंबत असेल तर काप तिरपाच जातो. मागे स्टँड लावा, नाहीतर एखाद्याला धरायला उभं करा.

पट्टी करणं

सातपूरच्या आयटीआयमधून आलेल्या मुलांनी ड्रॉइंगच्या तासाला पाइपाचं डेव्हलपमेंट, म्हणजे गोल अंग कागदावर सपाट उलगडून काढणं, केलेलं असतं, पण कागदावरची ती रेघ आणि हातातला पाइप यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. ती घालायला एक कागदाची पट्टी पुरते.

पातळ कागदाची पट्टी फांदीभोवती घट्ट गुंडाळा. जिथे कड पुन्हा कडेला भेटते तिथे खूण करून कापा. एक इंची पाइपाला ही लांबी १०६ मिमीच्या आसपास येते, पण मोजण्यापेक्षा गुंडाळून घेतलेली बरी. आता पट्टी मधोमध दुमडा, पुन्हा मधोमध, असं चार वेळा. उलगडल्यावर सोळा सारखे भाग मिळतात. कुठल्याही हिशोबाशिवाय परिघाचे सोळा भाग झाले. दोन्ही कडा धरून घड्यांना शून्य ते सोळा आकडे टाका. पट्टीच्या लांबीने एक सरळ रेघ ओढा, ती दरीची रेघ. आता त्या रेघेपासून प्रत्येक घडीवर कान किती पुढे येतो ते मांडायचं.

दीड इंचीवर एक इंची बी क्लास बसवायचा असेल तर आकडे असे आहेत. शून्य, आठ आणि सोळा या घड्यांवर ० मिमी, म्हणजे दरी. एक, सात, नऊ, पंधरावर ०.६. दोन, सहा, दहा, चौदावर २. तीन, पाच, अकरा, तेरावर ३.६. चार आणि बारावर ४.२, हे कान. टिंबं हाताने वळणदार रेघेने जोडा, फूटपट्टी लावून जोडू नका. मग कात्रीने कापा.

दीड इंचीवर दीड इंचीच बसवायचा असेल तर तेच पाच आकडे ०, १.४, ५.१, ९.७ आणि १२.१ असे होतात.

हे आकडे काढायची रीत अवघड नाही. मुख्य पाइपाची बाहेरची त्रिज्या घ्या आणि तिचा वर्ग करा. फांदीची आतली त्रिज्या त्या घडीच्या कोनाच्या साइनने गुणा आणि त्याचाही वर्ग करा. पहिल्यातून दुसरा वजा करून वर्गमूळ काढा आणि ते मुख्य पाइपाच्या त्रिज्येतून वजा करा. एका घडीचा कोन २२.५ अंश. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि एकदा काढलेली पट्टी वर्षानुवर्षं चालते.

यात 'आतली त्रिज्या' का, हे नीट समजून घ्या. बऱ्याच जणांचा जोड इथेच बिघडतो आणि का बिघडला ते त्यांना कळत नाही. ग्राइंडर आपण पाइपाच्या भिंतीला आडवा धरून कापतो. त्यामुळे भिंतीची आतली कड आणि बाहेरची कड एकाच उंचीवर कापली जाते. मुख्य पाइपाची पाठ मात्र गोल आहे. कानाच्या जागी ती फांदीच्या आतल्या कडेला आधी भेटते, बाहेरच्या कडेला नंतर. बाहेरच्या व्यासाने हिशोब केला तर याच जोडीत कान ४.२ ऐवजी ६.८ मिमी येतो. तो कान बसवायला गेलात की कानाची आतली कड मुख्य पाइपावर अडते आणि दरी साधारण अडीच मिमी वरच लटकते. मुलगा म्हणतो, 'दादा, माप तर बरोबर होतं.' माप बरोबर होतं, कड चुकीची धरली होती.

आतल्या व्यासाने काढलेलं तोंड आतल्या कडेवर चौफेर टेकतं, आणि कानांजवळ बाहेरच्या बाजूला एक बारीक पन्हाळ उरते. दीड इंचीवर दीड इंचीत ती कानाच्या टोकाला पावणेतीन मिमीच्या आसपास असते. ही फट नव्हे. वेल्डिंग भरायला हवी असते तशी खाच आपोआप मिळाली असं समजा. तळाला धातू धातूला टेकलेला असतो आणि रॉडचं पाणी, म्हणजे वितळलेला धातू, तिथपर्यंत पोचतं.

कागद शेडमध्ये टिकत नाही. कामाची पट्टी जुन्या फ्लेक्स बॅनरच्या तुकड्यावर उतरवून घ्या. निवडणूक आणि वाढदिवसांच्या कृपेने नाशकात फ्लेक्सला तोटा नाही. फ्लेक्स कागदापेक्षा जाड असतो, म्हणून त्याची लांबी त्यालाच पाइपाभोवती गुंडाळून ठरवा. कागदाची लांबी त्याच्यावर चालणार नाही. इंटरनेटवरून आकृती छापून घेणार असाल तर प्रिंटरला शंभर टक्के मापाने छापायला सांगा. पानात बसवून छापलं की सगळी पट्टी थोडी लहान होते. छापून आल्यावर लांबी पाइपाभोवती गुंडाळून पाहा.

दोन्ही टोकांची दिशा

आडव्या पाइपाचं एक तोंड सुंदर निघालं आणि दुसरं दहा अंश फिरलेलं, तर पाइप भंगारात. म्हणून पट्टी लावण्याआधी पाइपाच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ हवी. त्यासाठी अँगलचा सरळ तुकडा पाइपावर पालथा ठेवा. त्याचे दोन्ही पाय पाइपाला टेकले की तो आपोआप पाइपाच्या लांबीत बसतो. अँगलच्या कडेने खडूची किंवा मार्करची रेघ ओढा आणि अँगल पुढे सरकवत शेवटपर्यंत न्या. काही जण पाइपाच्या शिवणीचीच, म्हणजे पाइप बनवताना पडलेल्या जोडाचीच, रेघ धरतात. शिवण सरळ असेलच असं नाही, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. ही रेघ दोन्ही टोकांना पट्टीच्या शून्य घडीशी जुळवायची.

आता फाटकात दरी कुठे येणार? मुख्य पाइप ज्या दिशेने लांब पसरला आहे, दरी त्या दिशेला. उभा पाइप वर-खाली जातो, म्हणून आडव्या पाइपाच्या दऱ्या वर आणि खाली, कान पुढे आणि मागे. हे पहिल्यांदा प्रत्येकाचं उलटं होतं. कापण्याआधी सरळ टोक उभ्या पाइपाला लावून बघा आणि जिथे टेकतं तिथे 'दरी' असं खडूने लिहा.

शिवण कुठे ठेवायची तेही आत्ताच ठरवा. रेलिंगला ती खाली ठेवा, हाताला लागू देऊ नका. कानाच्या अगदी टोकावर शिवण आली तर तिथली कड घासताना त्रास होतो.

कापणं

पट्टीचे कान पाइपाच्या टोकाशी जुळवा आणि पट्टी सेलोटेपने घट्ट बसवा. कडेने बारीक मार्कर फिरवा, मग पट्टी काढा. पट्टीसकट कापू नका, ती जळते.

चार इंची ग्राइंडर आणि १ किंवा १.२ मिमीची कटिंग डिस्क. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे पुष्कळ दिसतात. तुम्ही काढू नका. बाजूंनी बंद सेफ्टी गॉगल सोडून डोळ्यांसमोर दुसरं काहीही चालत नाही. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने ठिणगी शिरते. गळ्यात उपरणं किंवा रुमाल लोंबता ठेवू नका. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. मुदत संपलेली किंवा ओल लागलेली डिस्क फुटू शकते. पाइप वाइसमध्ये नीट आवळा, पायाखाली धरून कापू नका.

एक इंची पाइपाचं ४ मिमीचं तोंड कापायची खरं तर गरजच नसते. खुणेपर्यंत ग्राइंडिंग डिस्क किंवा फ्लॅप डिस्कने घासलं तरी होतं. दीड इंचीवर दीड इंचीची गोष्ट वेगळी. तिथे १२ मिमीचा माल काढायचा आहे. पातळ डिस्क वळणावरून ओढत नेली तर ती वाकते, अडकते, ग्राइंडर उसळी मारतो. म्हणून आधी दोन सरळ तिरपे काप द्या. दरीच्या रेघेच्या थोडं बाहेर राहून, मधल्या दरीपासून एका कानाकडे एक काप, मग दुसऱ्या कानाकडे दुसरा. मोठा तुकडा गळून पडला की खांदे उरतात, म्हणजे दरी आणि कान यांच्या मधला भाग. सरळ कापाचं तोंड गोल पाइपावर ठेवलं की नेमकं खांद्यांवर अडतं, दरीत आणि कानाच्या टोकाला फट राहते. तेवढे खांदे ग्राइंडिंग डिस्कने खुणेपर्यंत उतरवा.

कटिंग डिस्कच्या बाजूने घासायचं नाही. ती फक्त कडेने कापण्यासाठी केलेली आहे. बाजूने दाब आला की तुकडे उडतात. घासायला वेगळी डिस्क लावा. दोन ग्राइंडर असतील तर उत्तम, एकावर कटिंग आणि दुसऱ्यावर ग्राइंडिंग. डिस्क बदलायचा कंटाळा आला की माणूस कटिंगच्या डिस्कनेच घासायला बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

खुणेवर नेमकं जाऊ नका. अर्धा मिमी राखा. तो पुढच्या पायरीसाठी.

खडूने जुळवणं

सगळ्या कामातला मला आवडणारा भाग हा आहे, आणि नेमका हाच घाईत वगळला जातो. मुख्य पाइपावर जोडाच्या जागी खडू चांगला चोळा. फांदीचं तोंड तिथे ठेवा, किंचित दाबा, केसभर इकडेतिकडे हलवा आणि उचला. तोंडाच्या कडेवर जिथे पांढरं लागलं तिथेच टेकतंय. पहिल्यांदा बहुतेक दोनच जागी लागतं, एका कानाच्या आत आणि समोरच्या खांद्यावर. तेवढंच अर्धगोल कानशीने उतरवा. ग्राइंडर नको, एका फटक्यात जास्त जातो. पुन्हा खडू, पुन्हा ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पांढरी रेघ कडेवर जवळजवळ चौफेर दिसायला लागते. हात बसला की एका तोंडाला पाच मिनिटं पुरतात.

आणखी एक खात्री करायची असेल तर फांदीच्या दुसऱ्या टोकातून मोबाइलची बॅटरी आत मारा आणि जोडाकडे बघा. संध्याकाळी शेडमधला दिवा बंद करून बघितलं तर उजेडाची बारीक रेघ कुठून झिरपते ते लगेच दिसतं. १ मिमीपेक्षा रुंद उजेड असेल तर मी वेल्डिंगला परवानगी देत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. कारण वेल्डिंगचा धातू थंड होताना आकसतो. जितका जास्त धातू भराल तितकी जास्त ओढ. फटीचा जोड आडव्या पाइपाला एका बाजूला खेचतो. पाल्यात असे पाच-सहा आडवे असले की पाला पतंगासारखा मुरडतो आणि फाटकाची कडी खांबाला लागत नाही. मग हातोडे मारून सरळ करत बसा. घट्ट बसलेल्या तोंडाला वेल्डिंगची बारीक टीप (सलग रेघ) पुरते, ओढही थोडी.

तिरपा जोड

फाटकाचा तिरपा आधार किंवा कैचीचा पाय काटकोनात बसत नाही. तिथे दोन्ही दऱ्या एका उंचीवर राहत नाहीत. फांदी ज्या बाजूला झुकली आहे त्या आतल्या, चिंचोळ्या बाजूची भिंत आखूड लागते, समोरची लांब. ४५ अंशाला काटकोनाचा प्रत्येक आकडा १.४१ ने गुणायचा. मग त्यात तिरपेपणाचा आकडा मिळवायचा, म्हणजे फांदीची बाहेरची त्रिज्या गुणिले त्या घडीचा कोसाइन. लांब बाजूला अधिक, आखूड बाजूला उणे. एक इंचीला शून्य आणि आठ या घड्यांवर तिरपेपणाचा हा आकडा १६.८५ मिमी येतो, चार आणि बारावर शून्य.

इथे पट्टी शंभर टक्के बरोबर येत नाही, कारण आतली-बाहेरची कड जागोजागी बदलते. लांब टोकाची आतली कड आधी अडते. ती आतून घासून पातळ करा, मग बाकीचं तोंड खाली बसतं. तिरप्या फांदीला मी नेहमी ५ मिमी जास्त लांबी ठेवतो आणि खडूवर जास्त वेळ देतो. नवख्यांनी तिरपा आधार चौकटीच्या कोपऱ्यात दोन पाइपांना एकदम बसवायच्या भानगडीत पडू नये. कोपऱ्यापासून चार बोटं सरकवून एकाच पाइपावर उतरवा, काम सोपं होतं.

होल सॉ कधी घ्यावा

एकाच मापाची शंभर टोकं कापायची असतील, बॅरिकेडसारखं काम असेल, तर पट्टी आणि कानस परवडत नाही. तिथे होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी कपासारखी करवत, आणि पाइप पकडायचा नॉचर हवा. होल सॉ मुख्य पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचा घ्यायचा, दीड इंचीला ४८ मिमी. तो मुख्य पाइपाच्या दिशेनेच आरपार जातो, त्यामुळे आतली आणि बाहेरची कड दोन्ही आपोआप बरोबर कापली जातात. पातळ ट्यूब आणि स्टीलच्या रेलिंगला याच्यासारखं दुसरं काही नाही.

दोन गोष्टी सांभाळा. होल सॉचा मध्य फांदीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. १ मिमी जरी सरकला तरी एक कान लांब, एक आखूड होतो. म्हणून आधी भंगाराच्या तुकड्यावर कापून दोन्ही कान मोजा. दुसरं म्हणजे वेग. हातातल्या ड्रिलच्या पूर्ण वेगावर दात जळून जातात. ४८ मिमीचा होल सॉ मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांवर चालवा आणि कटिंग ऑइल टाकत राहा. कपाची खोलीही बघा, उथळ कप मोठ्या पाइपाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

टाके मारण्याआधी

दोन्ही पाइपांवरचा गंज, तेल आणि रंग जोडापासून इंचभर साफ करा. जीआय पाइप असेल तर जस्ताचा थरही तेवढाच घासून काढा. जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. कित्येक वेल्डर हे अंगावर काढतात आणि दूध पिऊन झोपतात. जस्त घासा, शेड उघडी ठेवा, धुराच्या वरच्या बाजूला तोंड नेऊ नका.

फांदीची दोन्ही टोकं बंद होणार असतील तर आतली हवा कुठून निघणार, याचा विचार आत्ताच करा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतली हवा फुगते आणि शेवटची टीप बंद होताना वितळलेल्या धातूतून फुंकर मारते. तिथे सुईएवढं भोक पडतं आणि कितीही भरलं तरी बुजत नाही. त्यासाठी मुख्य पाइपाला, फांदीच्या पोटात झाकली जाईल अशा जागी, ५-६ मिमीचं भोक आधीच पाडून ठेवा. फाटक नंतर गॅल्व्हनाइझिंगला जाणार असेल तर भोकं किती, केवढी आणि कुठे हवीत ते त्या प्लांटला विचारूनच पाडा. बंद पाइपात ओल अडकून तो जस्ताच्या गरम टाकीत गेला तर स्फोट होतो.

टाका म्हणजे पाइप जागेवर धरणारा वेल्डिंगचा छोटा ठिपका. पहिला टाका एका दरीत, दुसरा समोरच्या दरीत. मग गुण्या लावा. काटकोन सुटला असेल तर दोन टाक्यांवर तो हाताने जागेवर आणता येतो, चारवर नाही. गुण्या जुळला की दोन्ही कानांवर टाके. ३ मिमीच्या आसपास जाडीला बारा नंबरचा, म्हणजे २.५ मिमीचा ६०१३ रॉड पुरतो. पूर्ण टीप मारताना एका जोडावर एकदम गोल फिरू नका. एका जोडाची वरची बाजू, मग पाल्याच्या दुसऱ्या टोकाच्या जोडाची, मग परत पहिल्याची खालची. कर्ण मोजत राहा. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर थांबा आणि गार होऊ द्या.

टीप गार झाल्यावर स्लॅग (वरची कडक खपली) काढून वायर ब्रशने घासा आणि कानाच्या खालच्या बाजूला नीट बघा. टीप अर्धवट राहते ती तिथेच, कारण हात तिकडे सहज वळत नाही. त्र्यंबक आणि इगतपुरीकडच्या कामाला तर मी कानाखाली बोट फिरवल्याशिवाय प्रायमर लावू देत नाही. तिकडच्या पावसाला सुईएवढी जागा पुरते.

वापरलेली पट्टी फेकू नका. तिच्यावर 'मुख्य दीड, फांदी एक, बी क्लास, ९० अंश' असं लिहून भिंतीच्या खिळ्याला अडकवा. आमच्या शेडमध्ये असे दोन खिळे भरले आहेत, एक काटकोनाचा आणि एक तिरप्यांचा. दिंडोरीच्या त्या फाटकाचे नवे आडवे पाइप पहिल्याच खिळ्यावरच्या पट्टीने कापले.